मुर्रीची गारी बिरसीला

माउसने निळा ठोकळा धरला आणि वरच्या पट्टीवरून खालच्या पट्टीवर ओढला. खाली तो आला. वर पाहिलं तर वरची जागा रिकामी. म्हणजे कॉपी झाली नव्हती, ठोकळाच उठून खाली गेला होता. मागे घेतलं. पुन्हा ओढला, या वेळी कीबोर्डवरचं एक बटण दाबून धरून. आता तो खालीही होता आणि वरही होता. दोन्ही निळे, दोन्ही सारख्या लांबीचे, दोन्हींच्या पोटात आवाजाची तीच खालीवर होणारी रेघ. यातला खरा कोणता, हे मला कळेना. खरं तर तेव्हाच उठून चहा ठेवायला हवा होता.

त्या ठोकळ्यात माझ्या आईचा आवाज होता. माझ्या लग्नात तिने म्हटलेलं गाणं. तिचा तो आवाज आता तिच्या गळ्यात राहिलेला नव्हता आणि दुसऱ्या कुठल्या टेपवर, कुणाच्या मोबाइलमध्ये तिचं गाणं नव्हतं. होतं ते एवढंच, आणि ते माझ्यासारखीच्या हातात आलं होतं.

मी गोंदियातल्या एका शाळेत गणित शिकवते. संगीताशी माझा संबंध एवढाच, की स्नेहसंमेलनात मुलींच्या नाचासाठी दोन-तीन गाणी जोडून द्यायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं आणि मग तिथेच राहिलं. शाळेतल्या एका सरांनी माझ्या लॅपटॉपवर गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. उघडलं की एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात. त्यांना लेयर म्हणायचं. ज्या लेयरवर जो आवाज ठेवाल तो तिथे ठोकळा होऊन बसतो आणि सगळे लेयर एकदम वाजतात. मला त्यातल्या तीनच गोष्टी येत होत्या: गाणं आणणं, कापणं आणि चिकटवणं. तेवढ्यावर मुली दरवर्षी नाचून मोकळ्या होतात आणि पालक टाळ्या वाजवतात, त्यामुळे आपल्याला हे येतं असा माझा समज झाला होता.

शिवाय माझा स्वभाव. घरात एका वस्तूच्या दोन झाल्या की मला चैन पडत नाही. दोन कात्र्या, दोन किसण्या, दोन चाळण्या दिसल्या की त्यातली एक मी त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकते. नवरा म्हणतो, बरं झालं मला जुळा भाऊ नाही. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते बरंचसं या स्वभावाने झालं.

आमच्याकडे लग्नात गारी देतात. गारी म्हणजे शिवीच, पण गाण्यातली. मुलीकडच्या बायका एका बाजूला बसतात, मुलाकडच्या समोर, आणि एकमेकींच्या विहिणीचं खाणं, चालणं, नाक, डोळे, काही म्हणून सोडत नाहीत. एक जण ओळ उचलते, बाकीच्या मागून धरतात. जिला गारी मिळते तिने रागवायचं नसतं. उलट जिला मिळत नाही ती रुसून बसते, की यांनी मला आपलं मानलंच नाही. गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाकडच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या गावांत ओळ उचलणारी म्हटलं की माझी आई. समोरच्या बाईला एकदा खालपासून वरपर्यंत पाहून घ्यायची, पदर खोचायची आणि सुरू व्हायची. परक्या घरच्या लग्नालाही तिला बोलावणं असायचं. बाबा म्हणायचे, आमच्या घरात हळद कमी अन् शिव्या जास्त पिकतात.

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव राहिला, आवाज गेला. आता ती बोलते तेव्हा नुसती हवा निघते. कान तिच्या तोंडाशी नेला तर शब्द कळतात, नाहीतर नाही. सुरुवातीला आम्ही सगळे तिच्याशी उगाच मोठ्याने बोलायचो, जणू तिला ऐकूच येत नाही. ती वैतागून कानाला हात लावायची.

माझी बहीण माझ्याहून खूप लहान. माझ्या लग्नात ती फ्रॉक घालून मांडवाच्या खांबाला टेकून झोपली होती. तिचं लग्न बिरसीला ठरलं आणि तिचा मला फोन आला. साड्यांचं, दागिन्यांचं काही नाही. म्हणाली, "ताई, माझ्या लग्नात आईची गारी पाहिजे. तुझ्या सीडीत हाय ना?"

माझ्या लग्नाची सीडी होती, कपाटात, प्लॅस्टिकच्या डबीत. बाजारातल्या एका व्हिडिओवाल्याकडे घेऊन गेले. त्याच्याकडे सीडी चालवणारं यंत्र अजून होतं. त्याने बऱ्याच खटपटीनंतर गारीपुरता आवाज पेनड्राइव्हवर काढून दिला आणि सीडी परत देताना म्हणाला, "मैडम, सीडी तो गई समझो. इतना निकल गया, यही बहुत है।"

घरी येऊन मी तो आवाज पेनड्राइव्हवरून लॅपटॉपमध्ये घेतला. कट करून पेस्ट केला. कॉपी नाही, कट. दोन ठिकाणी पसारा कशाला? मोकळ्या झालेल्या पेनड्राइव्हवर घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका भरल्या आणि आवरासावर झाली म्हणून खूश झाले.

मग गाणं लावलं. मागे ढोल, भांड्यांचे आवाज, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि त्या सगळ्यावरून आईचा आवाज. खणखणीत. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी हसायला लागले.

मुर्रीची इहीन म्हने, भूक मले थोडी,
सात पंगती जेवली, वरून प्याली बोडी.

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. सात पंगती जेवून वर तळं पिऊन टाकणारी ही मुर्रीची विहीण म्हणजे माझी सासू. आमचं घर मुर्रीला आहे, सासूबाई माझ्याजवळच असतात. त्या मागच्या अंगणात उडदाच्या वड्या घालत होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे मले म्हनून राहिली तुही माय," त्या म्हणाल्या.

"हो."

"दोन पुऱ्या खाल्ल्या होत्या वं मी. दोनच! अना म्हने बोडी प्याली." आणि मग त्याही हसायला लागल्या. दुसरं कडवं आलं.

मुर्रीची इहीन म्हने, चाल माही धिमी,
लाडवामागं धावली तं मोटार पडली कमी.

हे त्यांनी माझ्या आईबरोबरच म्हटलं, पिठाच्या हाताने ठेका धरून. मग म्हणाल्या, "आनखी लाव." मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. वड्यांचं पीठ वाळून गेलं तेव्हा त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "पन बिरसीच्या इहीनले हे कशी देशीन? हे तं माही गारी हाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला मुर्री होती. बिरसीच्या बाईला मुर्रीची म्हणून शिव्या दिल्या तर मांडवात हसं व्हायचं, तेही आमचं. गावाचं नाव बदलायला हवं, आणि ते आईच्याच आवाजात हवं. पण बिरसीची सोयरीक जुळली तीच मुळी आईचा आवाज गेल्यावर. त्या आवाजात ती "बिरसी" कधी म्हणालीच नसणार.

मी मोबाइल काढला. आईला लिहायचा कंटाळा, त्यामुळे ती मला नेहमी बोलून निरोप पाठवायची. ते सगळे निरोप माझ्याकडे होते. घरातला हा एक पसारा मी कधी आवरला नव्हता. आता एकेक ऐकत बसले. जेवली का. पोरं कशी हायत. शाळेतून आली का घरी. तुह्या सासूले म्हन, गुडघ्याले तेल लाव. एकेका निरोपापाशी मी अडकत होते आणि कशासाठी ऐकतोय ते विसरत होते. आणि मग एक सापडला: "बिरसीची म्हैस आनली तुह्या बाबानं, पन लाता मारून राहिली."

बाबांनी तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने इतक्या लांबून म्हैस आणली होती. ती पुढे विकलीही. मी तिच्यावर बसलेला "बिरसीची" तेवढा कापून घेतला. उरलेली म्हैस बाजूला ठेवली.

आता काम सोपं वाटत होतं. वरच्या लेयरला मी "माझं लग्न" असं नाव दिलं, खालच्याला बहिणीचं. वरचं गाणं तसंच ठेवायचं. त्याची कॉपी खाली घ्यायची आणि खालच्यातच "मुर्रीची" काढून "बिरसीची" बसवायचं. या एका बाबतीत मी माझ्या स्वभावाविरुद्ध जाऊन एका गोष्टीच्या दोन करत होते. खरं सांगायचं तर मनात थोडी कळही आली होती. माझं गाणं आहे, मी का देऊ, असं एक क्षण वाटून गेलं. मग लाज वाटली. पण देत कुठे होते, कॉपी करत होते. माझं माझ्याकडे राहणारच होतं.

बटण दाबून ओढलं, दोन ठोकळे झाले, ते वर सांगितलंच. खालच्या ठोकळ्यात मी आईच्या "मुर्रीची"वर "बिरसीची" ठेवलं. ते म्हशीवरच्या रागाने म्हटलेलं होतं, त्यामुळे गाण्यात फारच करडं वाटत होतं. जरा हळू केलं, जरा ताणलं. बसलं. दोन्ही कडव्यांत बसलं. मग सगळं जोडून पक्कं करायचं बटण दाबलं. सॉफ्टवेअरने इंग्रजीत काहीतरी विचारलं, कायमचं बदलायचं आहे का, अशा अर्थाचं. मी गणिताची बाई. उत्तर आलं की खाली दोन रेघा मारायच्या असतात. हो म्हटलं, सेव्ह केलं, लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सासूबाई म्हणाल्या, माही लाव. मी वरचा लेयर लावला. गाणं सुरू झालं.

बिरसीची इहीन म्हने, भूक मले थोडी...

चुकून खालचा लागला असेल म्हणून खालच्याचा आवाज बंद केला. पुन्हा लावलं. बिरसीची. खालचा ठोकळा पुसून टाकला, फक्त वरचा ठेवला. बिरसीची. वरचा खाली आणला, खालून वर नेला, तिसरा लेयर तयार करून त्यावर ठेवून पाहिला. जिथे ठेवावा तिथे बिरसीची. मागे घ्यायचं बटण दाबत राहिले, पण काल लॅपटॉप बंद करताना मागे जायचा रस्ताही बंद झाला होता. मी वरच्या लेयरला हातसुद्धा लावला नव्हता, हे मला अगदी पक्कं आठवत होतं. मग तो बदलला कोणी?

सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, ओढताना कोणतं बटण दाबलं होतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग ती कॉपी नाही झाली. ते वेगळं बटण आहे. त्याने एकच आवाज दोन जागी दिसतो. एकाला काही केलं की दोन्हीला होतं."

"दोन जागी दिसतोय म्हणजे दोन आहेत ना?"

"नाही मॅडम. एकच आहे."

"मग दुसरा काय आहे?"

"तोच आहे."

"आणि पहिला?"

"तोही तोच."

मी मुलांना वर्गात फळ्यावर आकृत्या काढून काय काय समजावते आणि मला एवढं समजेना. सर म्हणाले, काळजी करू नका, मूळ फाइल पेनड्राइव्हवर असेल ना? मी म्हटलं, कट केली होती. वर प्रश्नपत्रिका भरल्या. नंतर सर स्वतः येऊन लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह दोन्ही घेऊन गेले, बरंच काही करून पाहिलं आणि परत आणून दिलं. सीडी आता यंत्रात घातली की नुसती घरघर करत होती.

मला रडू आलं. कशाचं, ते मात्र नीट सांगता येत नव्हतं. गेला होता एकच शब्द. आईच्या बाकीच्या ओळी, तिचा ठेका, मागचं रडणारं पोर, सगळं जागच्या जागी होतं. पण मला त्या घरातून या घरात ज्या शब्दाने पाठवलं होतं तोच नेमका पुसला गेला होता. आता ते गाणं माझ्या लग्नातलं होतं की बहिणीच्या? बहिणीचं लग्न तर अजून व्हायचं होतं.

सासूबाईंना सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे माही गारी तू देऊन टाकली."

"दिली नाही हो, कॉपी करत होते."

"मंग माही कुठं हाय?"

त्या उठून बाहेर गेल्या. पुढचे काही दिवस भाजीत मीठ आहे की नाही एवढंच त्या माझ्याशी बोलल्या.

लग्नाआधी गावी गेले तेव्हा आईला ऐकवलं. दुपारी ओसरीवर तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. पहिला सूर आला तसा तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथेच राहिला. "बिरसीची" आलं आणि तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"हे मी कव्वा म्हटलं?"

मी म्हशीचं सांगितलं. ती हसली. तिच्या हसण्याला आता आवाज नसतो, खांदे हलतात तेवढेच. मग डोळे पुसत तिने पुन्हा मला जवळ ओढलं. "तिले मी पायलं बी नाही वं अजून."

ते खरंच होतं. बोलणी पुरुषांनी केली होती आणि साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आई दवाखान्यात तपासणीला गेली होती. पण ती हे तक्रार म्हणून सांगत होती की नुसतंच सांगत होती, मला समजलं नाही. मी विचारलं, "मग लावू की नको?" तिने खांदे उडवले. "तुह्या बहिनीले पायजे ना. लाव." आणि ती तांदूळ निवडायला निघून गेली. तिला आवडलं की नाही हे मी बाबांनाही विचारलं. बाबा म्हणाले, तिला विचार.

लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवात दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसल्या. मी लॅपटॉपची वायर डीजेवाल्याच्या पेटीला जोडून तयार होते. नवरीच्या वेषातली बहीण मान वर करून माझ्याकडेच पाहत होती. मी बटण दाबलं आणि आईचा आवाज मांडवभर झाला. बहिणीने डोळे मिटले. तिच्यासाठी तरी हे बरं झालं, असं मला वाटलं.

पण बाकी कुणालाच काय करावं ते समजेना. बिरसीच्या विहीणबाई ठसठशीत होत्या, नाकात मोठी नथ. आपल्या गावाचं नाव ऐकून त्या हसायला तयार झाल्या, पण हसावं कुणाकडे पाहून? त्या आमच्या रांगेतलं एकेक तोंड पाहत होत्या. सगळी तोंडं बंद. शेवटी त्या पेटीकडे पाहायला लागल्या. आमच्या बायकांची आणखी पंचाईत. ओळ धरायची म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर पेटीत त्याच आधीच ओळ धरून गात होत्या, तरुण आवाजात. त्यात दोघी-तिघी अशाही होत्या ज्या आता राहिल्या नाहीत. आमची मावशी मोठ्याने म्हणाली, "आमी तं तिथं गाऊन राहिलो, मंग इथं काय म्हनावाचं?" कुणी हसलं नाही. गाणं संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, कारण मी ते एकापुढे एक असं दोनदा लावून ठेवलं होतं. तोच सूर, मागे कुणीतरी खोकतं ती तीच जागा, म्हशीवरचा तोच राग. मुलाकडच्या बायका आपसात बोलायला लागल्या. एकीने पर्समधून मोबाइल काढला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईकडे पाहायची हिंमत होत नव्हती, तरी पाहिलं. ती उठली होती. माझ्याकडे बघून तिने हात आडवा हलवला: बंद कर. मी गडबडीत भलतंच बटण दाबलं, आवाज आणखी वाढला. शेवटी वायरच ओढून काढली. मांडवात पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली.

आई मधली मोकळी जागा ओलांडून बिरसीच्या विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. त्यांना खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. तिचं ते पाहणं मी ओळखत होते. मग ती मागे वळली आणि कूलरसमोरच्या खुर्चीवर माझ्यावर रुसून बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे गेली. त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओढतच मधे आणलं. सासूबाई म्हणत होत्या, अवं, हे काय, सोड. आईने त्यांच्या कानाला तोंड लावलं.

सासूबाईंचा गळा काही गाण्याचा नाही. दळण दळल्यासारखा आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि सुरू केलं:

"मुर्रीची इहीन म्हने, भूक मले थोडी..."

मांडवात खसखस पिकली. मुर्रीची विहीण भर मांडवात स्वतःलाच गारी देत होती. आईने त्यांना जोरात चिमटा काढला. "बिरसीची, बिरसीची!" सासूबाई ओरडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून उचललं. या वेळी आमच्या बायकांनी मागून ओळ धरली, मावशी सगळ्यात मोठ्याने. आई मधेच थांबवायची, कानात सांगायची, सासूबाई मान हलवायच्या आणि ओळ बाहेर यायची. दुसऱ्या कडव्याला आई जरा जास्त वेळ कानाशी राहिली. सासूबाई ऐकता ऐकताच हसायला लागल्या, त्यांना म्हणवेना. कशीबशी ओळ आली:

"बिरसीची इहीन म्हने, चाल माही धिमी,
लाडवामागं धावली तं इमान पडलं कमी!"

बिरसीला विमानतळ आहे, पायलट व्हायला आलेली पोरं दिवसभर तिथे डोक्यावरून घिरट्या घालत असतात. मुलाकडच्या सगळ्या बायका एकदम हसल्या. विहीणबाई नथ धरून हसत होत्या, की ती पडेल. आणि मी काढलेल्या वायरचं टोक हातात धरून उभी होते. ही ओळ माझ्याकडे कुठल्याच लेयरवर नव्हती. ती आत्ता, इथे झाली होती, त्या नथवाल्या बाईला पाहून.

मला रडू आलं की हसू, हे आजही सांगता येणार नाही. बहीण मात्र सरळ रडत होती, काजळ गालावर आलेलं.

मुलाकडची एक म्हातारी बाई हे सगळं बारकाईने पाहत होती. तिने सासूबाईंना अडवून विचारलं, "तुमी नवरीच्या कोन? मायनं गारी द्यावी, तं माय चूप उभी हाय अना तुमीच म्हनून राहिले. काऊन?"

सासूबाईंनी आईच्या खांद्यावर हात टाकला. "मी कायले म्हनीन? मायच म्हनून राहिली. मी फक्त जोरानं म्हनून राहिली."

आईने त्यांना कोपराने ढोसलं. पुढची ओळ तयार होती.